पाणी आलं

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत ‘पाणी आलं’ ही हाक कुठल्याही वेळी यायची. पहाटे चारला, ऐन जेवणाच्या पंगतीत, एखाद्या रात्री अकराला. नळ आधी नुसता फुसफुसायचा, मग म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा, मग गढूळ पाणी यायचं. ते सोडून द्यायचं. त्याच्यामागून स्वच्छ धार लागेपर्यंत अख्खी गल्ली जागी झालेली असायची. घागरी, बादल्या, पातेली, शेवटी तांबे आणि फुलपात्रीसुद्धा भरून ठेवायची. बेळगावचं पाणी राकसकोपचं आणि हिडकलचं, म्हणजे एक मार्कंडेयचं, एक घटप्रभेचं. पण त्यात आम्हाला नदी कधी दिसली नाही. पाणी यायचं आणि जायचं, एवढंच ठाऊक.

ही हाक मला यंदा जानेवारीत पुन्हा ऐकू आली ती गणेशगुडीला, काळी नदीच्या काठावर. डोक्याला हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट, हातात वल्हं, असे आम्ही सहा जण सकाळपासून खडकावर बसून होतो. समोर नदी होती, पण अर्धीच. मधले खडक उघडे पडलेले, त्यांच्यामधून पाणी वाट काढत चाललेलं. आमचा गाइड मात्र नदीकडं बघत नव्हता. काठालगतच्या एका दगडावर ओली रेघ होती, तिच्यावर त्याचे डोळे खिळले होते. ती रेघ बोटभर वर सरकली, तसा तो उठला आणि सोबत्याला म्हणाला, “नीरु बंतु.” मग माझ्याकडं वळून, “अक्का, पाणी आलं. चला.”

पंधरा-वीस मिनिटांत समोरची नदी वेगळी झाली. खडक एकेक करून बुडाले. जिथं नुसती झुळझुळ होती तिथं गडगडाट सुरू झाला.

गणेशगुडीच्या वरच्या अंगाला सुपा धरण आहे. १०१ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत, आणि तिच्या पायथ्याशी वीजघरात ५० मेगावॉटची दोन यंत्रं. विजेची मागणी वाढली की यंत्रं चालू होतात, त्यांच्यातून सुटलेलं पाणी खाली येतं, आणि तेवढा वेळ काळीला पूर येतो. यंत्रं थांबली की नदी ओसरते. राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, त्या पाण्यावर चालते. आमच्याच डोंगरातून निघणाऱ्या म्हादईचं उलटं आहे. खानापूर तालुक्यात उगम पावून ती खाली गोव्याच्या सत्तरीत उतरते, तिथं राफ्टिंग होतं ते भर पावसाळ्यात, आभाळातून येईल त्या पाण्यावर. काळीवरची राफ्ट पावसाळ्यात बंद आणि उघडिपीत चालू. एकाच रांगेतल्या दोन नद्या, एक ढगांच्या तंत्रानं चालते, एक दिव्यांच्या.

मी पन्नाशी ओलांडलेली, शाळेत मराठी शिकवणारी बाई. राफ्टिंग हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. भाच्यानं मित्रांबरोबर तीन दिवसांचा बेत आखला होता. त्यांचं एक माणूस गळालं आणि तो म्हणाला, “मावशी, तू ये की.” वहिनी आधीच तयार होती. मी हो म्हटलं त्याला कारण निराळं होतं. माझ्या आईचं माहेर त्या धरणाच्या पाण्याखाली आहे.

जुनं सुपं गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होतं. पांढरी लोंढ्याच्या बाजूनं यायची. लहानपणी मला ही गोष्टीतलीच नावं वाटायची, काळी बहीण आणि गोरी बहीण. सुपं हे तालुक्याचं गाव, तिथं कचेरी होती, बाजार होता. धरण १९८७ साली पुरं झालं, आणि त्याच्या आधीच माणसं उठली. बरीचशी रामनगरला आली, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. आईचं लग्न होऊन ती तोवर बेळगावला आली होती. तिचे आईवडील आणि भाऊ उठले. गोव्याकडं किंवा कारवारकडं जाताना रामनगर लागलं की आई खिडकीकडं पाठ करून बसते. मी जाते म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, “त्या नदीचा भरवसा धरू नको.” आणि शाळेच्या सहलीला द्यावा तसा कुंद्याचा डबा बांधून दिला.

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करत दुपारपर्यंत पोचलो. पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्यांच्याकडं आधी पैसे भरले होते त्यांनी एका राफ्टमध्ये आम्हा सहा जणांबरोबर आणखी पाच जण बसवायला घेतले. त्यात दोन लहान मुलं, त्यांना बसणारं जॅकेट नाही, मोठ्यांचंच दोरीनं आवळलेलं. वहिनीनं विचारलं तर उत्तर आलं, “काही होत नाही मॅडम, रोजचंच आहे.” वहिनी खाली उतरली. मग आम्ही सगळे उतरलो, पैसे गेले तर जाऊदेत म्हटलं. त्या मुलांच्या आईबापांनाही समजावलं, ते ऐकेनात. राफ्ट गेली. त्या दिवशी त्यांना काही झालं नाही, देवाची कृपा. पण मला अजून राग येतो. नदीनं रोज सोडून दिलं म्हणून ती दर वेळी सोडेल असं नाही, आणि हे ज्यांना सगळ्यात जास्त कळायला हवं तेच ‘रोजचंच’ म्हणतात. राफ्टमध्ये चढण्याआधी माणसं मोजा, जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. जॅकेट खांद्याशी धरून वर उचललं तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. हे मला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसानं शिकवलं.

तो माणूस म्हणजे मघाचा गाइड. जोयड्याच्या जंगलातल्या एका वाडीतला कुणबी. वय तिशीच्या आत. घरात कोकणीच्या अंगानं जाणारी मराठी, शाळा कन्नड, आणि कामातले शब्द इंग्रजी. तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बोलायचा, आणि आम्हा बेळगावकरांना त्यात काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं. त्यानं तासभर काठावरच शिकवलं. राफ्टच्या कडेवर बसायचं, आत नाही. पुढचा पाय समोरच्या आडव्या फुग्याखाली घट्ट अडकवायचा. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी-आकाराची मूठ असते, ती हातातून सुटली तर शेजाऱ्याचे दात गेले म्हणून समजा. तो ‘फॉरवर्ड’ म्हणाला की सगळ्यांनी एका लयीत पुढं, ‘बॅक’ म्हणाला की मागं, आणि ‘गेट डाउन’ म्हणाला की विचार न करता आत बसायचं. पाण्यात पडलेल्याला हाताला धरून ओढायचं नाही, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरायचं, आणि आपण मागं पडायचं म्हणजे तो आपल्या अंगावर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही.

“गुडघाभर असलं तरी?” मी विचारलं.

“गुडघाभर असलं तर जास्तच न्हाई, अक्का.”

का, ते त्यानं हातांनी करून दाखवलं. एक हात खडकाची फट, दुसऱ्याची बोटं म्हणजे पाऊल. माणूस घाबरून उभा राहतो, पाऊल फटीत जातं, मागून पाणी ढकलतं, माणूस पुढं पडतो आणि पाऊल तिथंच राहतं. चांगल्या पोहणाऱ्यालाही मग काही करता येत नाही. म्हणून पाठीवर पडायचं, पाय वर, पावलं प्रवाहाच्या दिशेला. खडक आला तर त्याला आधी तळवे भेटले पाहिजेत, डोकं नाही.

मग आम्ही निघालो. वळणं घेत, दांडेलीच्या वरच्या अंगाला मौळंगीच्या बाजूला उतरायचं होतं. दोन्ही काठांवर जंगल इतकं खाली वाकलेलं की जांभळाच्या फांद्या पाण्याला लागत होत्या. एका उंच झाडावरून मलबारी धनेशांची जोडी उडाली. त्यांच्या पंखांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, जुना पंखा पहिल्या फेऱ्याला घेतो तसा. पाणी थंड होतं, ऊन असूनही हाडापर्यंत जाणारं. धरणाच्या खोलातलं पाणी, त्याला सूर्य ठाऊक नसतो.

रॅपिड म्हणजे खडकांमधून फेसाळत धावणारं पाणी. दोन रॅपिडच्या मध्ये सपाट पाणी लागलं की गाइड मला नदी वाचायला शिकवायचा. मी शिक्षक, मला तो फार आवडला. तो आधी सांगत नसे, विचारी. “अक्का, पुढं बघा. कुठनं जायचं?” मला सगळीकडं पांढरा फेसच दिसायचा. हळूहळू दिसायला लागलं. वरच्या दोन खडकांच्या मध्ये पाणी एकत्र येऊन पुढं निमुळतं होतं, गुळगुळीत, हिरवट, टोक आपल्यापासून लांब. ती वाट. आणि टोक आपल्याकडं असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलाय. खडकाच्या मागं पाणी थांबलेलं असतं, कधी उलटंसुद्धा वाहतं. राफ्ट तिथं नेऊन विसावा घेता येतो. पण पाणी जिथं खडकावरून सरळ खाली कोसळून तिथल्या तिथं माघारी फिरत असतं, तिथं जायचं नाही. ते आलेल्याला फिरवत ठेवतं. रॅपिडला एक ते सहा असे दर्जे असतात. काळीवरचे दोन-तीनचे. जाणकाराला हे फार वाटणार नाही. मला वाटलं.

एका रॅपिडमध्ये मी पडले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. भाचा म्हणतो दहा सेकंदसुद्धा नाही. राफ्टचं नाक खाली गेलं, मग एकदम वर आलं, आणि माझा पाय फुग्याखालून सुटलेला होता. मला पडल्याचं कळलं नाही. आधी आवाज बंद झाला हे कळलं. वर एवढा गडगडाट, आणि आत एकदम शांत, नुसती गुणगुण. डोळे उघडे होते. सगळीकडं हिरवा उजेड आणि त्यात लाखो बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. वर कुठं, खाली कुठं, ते कळेना. मग जॅकेटनं मला काखेत धरून उचलल्यासारखं वर आणलं, नाकातोंडात पाणी, आणि पहिला शब्द कानावर पडला तो, “कालु मेले! अक्का, कालु मेले!” पाय वर. माझे पाय तेव्हा आपोआप खाली, जमीन शोधत होते. जन्मभराची सवय ती. बुडायला लागलेलं माणूस जमीनच शोधणार. मी पाय वर ओढले, आणि ओढता ओढता माझी उजवी टाच कशाला तरी लागली. खडकाची कड होती. तिच्या पलीकडं काहीच नव्हतं, पोकळी. टाच कडेवरून घसरली आणि मी पुढं गेले. ती फट मी डोळ्यांनी बघितली नाही, पण तिची रुंदी मला आजही सांगता येईल. माझ्या पावलाएवढी.

पुढं थांबलेल्या पाण्यात राफ्ट आली. भाच्यानं पट्ट्यांना धरून मला आत ओढलं, आणि आम्ही दोघं तळाशी पडलो. माझ्या उजव्या हाताची मूठ उघडेना. तिच्यात वल्हं होतं. गाइडनं बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, “पाण्यात पडलात, पण वल्हं सोडलं न्हाईत अक्का.” मग पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्यानं आम्हाला तिथंच थांबू दिलं, घाई केली नाही.

रात्री शेकोटी केली. गाइडनं घरून मुडली आणली होती. जोयड्याचे कुणबी लावतात तो कंद, अळूच्या जातीचा पण मनगटाएवढा जाड. मीठ घालून उकडलेल्या फोडी, वर तिखट चटणी, शेवटी आईचा कुंदा. तो नदीबद्दल बोलत राहिला. म्हणाला, दांडेलीच्या खालच्या डोहांत मगरी आहेत, म्हणून तिकडं पाण्यात उतरायचं नाही. त्याच्याही पुढं बोम्मनहळ्ळीला पाणी पुन्हा अडवलंय, मग कोडसळ्ळी, मग कद्रा, जिथं कैगाचं अणुवीज केंद्र आहे. १८४ किलोमीटरची नदी, डिग्गीजवळच्या उगमापासून कारवारच्या समुद्रापर्यंत, टप्प्याटप्प्यानं थांबत जाते. मी त्याला म्हटलं, माझी आई सुप्याची. तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच.” एवढंच एक वाक्य.

झोपल्यावर अंधारात नदीचा आवाज वाढत गेलेला मला ऐकू आला. कुठंतरी माणसं कामावरून घरी पोचली होती, दिवे लागले होते, गिझर, पंप, टीव्ही. त्यातलं एखादं घर आमच्या गल्लीतलं असेल. त्यासाठी वर यंत्रं फिरली आणि आमच्या तंबूपाशी नदी चढली. मला फार वेळ झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी आलंच नाही. आठ वाजले, दहा वाजले. पोरं कंटाळली, मोबाइल काढून बसली. गाइड मला आणि वहिनीला घेऊन उघड्या पात्रात उतरला. काल ज्याच्यावरून आम्ही गेलो ते सगळं वर आलं होतं. खडकांत रांजणखळगे, काही वाटीएवढे, काही माणूस उभं राहील एवढे, आतून घोटून गुळगुळीत, आणि तळाशी ज्यांनी ते घोटले ते गोल दगड तसेच बसलेले. एका सपाट खडकावर पाणमांजरांची विष्ठा पडलेली, वाळून पांढरी झालेली. गाइडनं ती काडीनं पसरून दाखवली. माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे, बाकी काही नाही. मी पडले ती जागा त्यानं दाखवली. ती फट तिथं होती, मी टाचेनं मोजली होती तेवढीच. तिच्यात ओलं पान अडकलं होतं. वहिनीनं माझा हात धरला आणि मागं ओढलं, जसं काही मी पुन्हा पडणार होते.

दुपारी सामान आवरलं. पोरांना राफ्टची एक फेरी कमी मिळाली याचं वाईट वाटलं. मला नाही. नदीचं तेवढं अंग बघायला मिळालं होतं.

परत येताना रामनगरला मामाकडं गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात. त्याला तीन दिवसांचं सगळं सांगितलं, पाण्याची वाट कशी ओळखायची तेही. तो हसला. म्हणाला, “ते व्हय? ते बाबा आम्हाला होडीतनं पलीकडं जाताना शिकवायचे. पाण्यालाबी पायवाट असते म्हणायचे, ती दिसली की तिकडनं जायचं.” मग अंगणातल्या घडवंचीवर बोटानं त्यानं दोन रेघा काढल्या, निमुळत्या, टोक लांब. काल गाइडनं हवेत काढल्या होत्या तशाच.

मी विचारलं, “मामा, पाणी आलं तेव्हा तू तिथं होतास?”

“होतो की.” तो थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिला. “सगळी निघून गेली होती. बाबा निघेनात. पाणी काय एकदम आलं न्हाई. आज शेताच्या बांधाला, चार दिवसांनी गोठ्याला. बाबा उंबऱ्यावर बसून बघायचे. एके दिवशी सकाळी मला हाक मारली, ‘पाणी आलं रे.’ उंबऱ्याला लागलं होतं. मग आम्ही दोघांनी दार उतरवलं, चौकटीसकट. बैलगाडीत घातलं आणि आलो.”

“आणि ते दार?”

“हे काय.”

आम्ही त्याच दारातून आत आलो होतो. लहानपणापासून मी त्या दारातून येत-जात होते. सागवानी, जड, दोन फळ्यांचं, चौकटीवर वेल कोरलेली. मी खाली बसून बघितलं. जमिनीपासून वीतभर लाकूड बाकीच्यापेक्षा काळं होतं. त्याच्यावर एक रेघ, सरळ, आडवी. मी त्यावरून बोट फिरवलं.

“पावसाळ्यात अजून फुगतं ते,” मामा म्हणाला. “खालनं. लागत न्हाई. सुतार म्हणतो, तासून देतो. मी न्हाई म्हटलं.”

निघताना तो आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आला आणि मग परत गेला. गाडीतून मागं वळून बघितलं तर तो दार लावत होता. जानेवारी होता, लाकूड कोरडं होतं. तरी त्यानं खांदा देऊन दार आधी थोडं वर उचललं, आणि मग लावलं.